एकरभर ऊन: हत्तीगवत की सौर पॅनेल?

नमस्कार, शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो. बांधावर सध्या दोन प्रस्ताव येतात. हत्तीगवत लावा, गॅस प्रकल्प विकत घेईल. नाहीतर जमीन भाड्यानं द्या, सौर पॅनेल बसतील. होकार देण्याआधी थोडा हिशेब करू.

आपल्याकडं एका एकरावर वर्षाला जेवढं ऊन पडतं, ते विजेच्या मापात साधारण ७५ लाख युनिट. हत्तीगवत, म्हणजे नेपिअर, बागायतीत उत्तम साधलं तर वर्षाला ८०-९० टन हिरवं निघतं. त्यात ८० टक्के पाणी. वाळून उरतात १६-१८ टन. ते जाळून टर्बाइन फिरवलं, तर हाती १८-२० हजार युनिट. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट मिळतात. म्हणजे एकरी तीन लाखांच्या वर! तेही काचेनं जेमतेम पाव जमीन झाकून, कारण एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मोकळी जागा सोडावी लागते.

तेव्हा निव्वळ विजेसाठी पाण्याखालची जमीन गवताला देऊ नका, हे आम्ही ठामपणे सांगतो. गवताची खरी किंमत गॅसमध्ये आहे. बंद टाकीत जिवाणू गवत कुजवतात आणि हा गॅस तयार होतो. गॅस साठवता येतो, रात्री चूल पेटते, शुद्ध करून दाबानं भरला तर गाडीही चालते. पण कापणी ६०-७० दिवसांत हवी. उशीर झाला की कांडं लाकडासारखं होतं, जिवाणूंना पचत नाही. कुट्टी बारीक हवी. लांब तुकडे टाकीत वर तरंगतात, जाड साय धरते आणि गॅस अडतो. घाईनं जास्त माल घातला, तर टाकी आंबट होते आणि ज्योत पेटेनाशी होते. अशा वेळी भरणा थांबवून शेणकाला घालावा. गॅससाठीही उसाचं पाचट, शेण हे आधी वापरा. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही.

पॅनेलला मुरमाड, हलकी जमीन द्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाये हलवते. तिथं खांब खोल न्यावे लागतात. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, म्हणून एकावर बाभळीची फांदी सावली धरून राहिली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते. धुणं पहाटे किंवा संध्याकाळी. दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. बोअरचं क्षारयुक्त पाणी पांढरे डाग सोडतं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाडं हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये आहे, दरवर्षी ३ टक्के वाढीसह. करार कित्येक वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार, जमीन कोण सपाट करून देणार, हे सही करण्याआधी त्याच कागदावर लिहून घ्या.