रॅम वाढवली, रीस्टार्ट केला, आणि डेटाबेस आणखीच स्लो का झाला?

नमस्कार मंडळी! सर्व्हरला नवीन रॅम टाकली, मशीन रीस्टार्ट केलं, आणि तासाभरात सगळ्यांची ओरड सुरू की आधीपेक्षा स्लो चाललंय. लगेच रॅम काढायला धावू नका, आधी नीट समजून घ्या काय झालंय ते.

बघा, डेटाबेस दर वेळी डिस्कवर जात नाही, सारखी लागणारी पेजेस, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, तो मेमरीत धरून ठेवतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मेमरीतल्या त्या जागेला बफर पूल म्हणतात, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये शेअर्ड बफर्स. रीस्टार्ट केला की हे सगळं रिकामं, म्हणजे परवापर्यंत मेमरीतून डेटा मिळणारी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) आता डिस्कवरून वाचतेय, मग वेळ लागणारच ना. त्यातून पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर (म्हणजे तिने स्वतः मेमरीत धरून ठेवलेल्या फायलींच्या डेटावर) पण बराच अवलंबून असतो, त्यामुळे नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली तर ती कॅश टिकते, पण रॅम टाकायला अख्खं मशीन बंद केलंत म्हणजे तीही गेली.

मायएसक्यूएल ५.७ पासून बंद होताना बफर पूलमधल्या पेजेसची यादी लिहून ठेवतो आणि सुरू झाल्यावर ती पेजेस परत आणतो. पण डीफॉल्टला फक्त सगळ्यात ताज्या २५ टक्के पेजेसची! बाकीचं ट्रॅफिक येईल तसं भरत जातं. पोस्टग्रेसला यासाठी पीजी प्रीवॉर्म नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते पेजेस आधीच मेमरीत आणून ठेवतं, ११ व्या व्हर्जनपासून ते आपोआप पण करता येतं, पण ते तुम्हाला चालू करावं लागतं.

आता समजा दोन दिवस झाले, कॅश गरम झाली म्हणजे परत भरली, तरी फरक शून्य. मग सेटिंग बघा, कारण नवीन रॅम आली हे डेटाबेसला कोणी सांगितलंच नसतं! बफर पूल आणि शेअर्ड बफर्स, दोन्हीचं डीफॉल्ट १२८ एमबी आहे, मशीनमध्ये कितीही जीबी असू देत. फक्त डेटाबेससाठीच असलेल्या मशीनवर पोस्टग्रेसला साधारण २५ टक्के रॅमपासून सुरुवात करा, मायएसक्यूएलला ८० टक्क्यांपर्यंत देतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी मॅक्स सर्व्हर मेमरी या मर्यादेला जुनाच आकडा आहे का ते बघा, आणि २०२२ ची स्टँडर्ड एडिशन असेल तर बफर पूल १२८ जीबीच्या वर जाणारच नाही, हे रॅम विकत घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आणि एक, रॅम आली म्हणून पोस्टग्रेसचं वर्क मेम, म्हणजे क्वेरीच्या कामासाठी मिळणाऱ्या मेमरीचं सेटिंग, एकदम वाढवू नका प्लीज. ते अख्ख्या सर्व्हरसाठी नसतं, एका क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला (डेटा जुळवायला किंवा गट करायला मेमरीत बनवलेल्या टेबलला) वेगळं मिळतं, शंभर कनेक्शन एकदम आली की मशीन स्वॅपमध्ये जातं, म्हणजे मेमरी पुरत नाही म्हणून डिस्क वापरायला लागतं, आणि मग खरंच आधीपेक्षा स्लो होतं.