बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस

नमस्कार मंडळी.

आपल्यापैकी बहुतेक जण महाराष्ट्रातून निघून इथे बर्लिनला आलो. भारतात लिनक्स हे मोफत सॉफ्टवेअर घरोघरी पोचवणारे अतुल चिटणीस उलट वाटेनं गेले. त्यांचा जन्म याच शहरातला, २० फेब्रुवारी १९६२ चा. इंजिनीअरिंग केलं बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये आणि पुढे काम केलं बंगळुरात. मी त्यांचा मित्र नव्हतो, पण माझा पोटापाण्याचा धंदा त्यांच्यामुळे सुरू झाला, म्हणून आज बोलायला उभा राहिलो.

१९९६ साली मी सांगलीत इंजिनीअरिंगला होतो. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं होतं खरं, पण ते मोजक्या शहरांत. आणि समजा मिळालं असतं, तरी सेकंदाला ९६०० बिट या वेगानं ६५० एमबीची एक सीडी उतरवायला सहा दिवस आणि सहा रात्री लागल्या असत्या, तेही फोन एकदाही न कटता. त्या वर्षी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. त्यामागे चिटणीस होते, ते मासिकाचे सल्लागार संपादक. विंडोजसारखी सबंध ऑपरेटिंग सिस्टिम, सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेल्या मूळ ओळींसकट, पेपरवाल्याकडे मिळायला लागली!

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघे एका जुन्या ‘४८६’ कॉम्प्युटरभोवती बसलो होतो. आधी दोन फ्लॉपी तयार करायच्या, मग हार्ड डिस्कचे भाग पाडायचे. दोनदा सगळं पुसलं गेलं. पहाटे कधीतरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, ‘डार्कस्टार लॉगिन’. स्लॅकवेअर, म्हणजे सीडीवरची लिनक्सची आवृत्ती, आपणहून मशीनला हेच नाव देते, हे आम्हाला कुठे ठाऊक? चौघांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. त्या चौघांपैकी तिघे आजही लिनक्सवरच पोट भरतात.

इंटरनेटच्या आधीपासून चिटणीस बंगळुरात ‘सीआयएक्स’ नावाचा बुलेटिन बोर्ड चालवत. म्हणजे फोनच्या लाइनला जोडलेला एक कॉम्प्युटर. मॉडेमनं, म्हणजे कॉम्प्युटर फोनला जोडणाऱ्या डबीनं, नंबर लावायचा, निरोप वाचायचे, आपला ठेवायचा आणि फोन सोडायचा, म्हणजे पुढच्याचा नंबर लागतो. ज्याला जे कळलं ते त्यानं दुसऱ्यासाठी ठेवून जायचं. त्यांचं पुढचं सगळं काम मला याच सवयीतून आलेलं वाटतं.

२००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ हे संमेलन सुरू केलं. २००५ पासून त्याचं नाव झालं ‘फॉस डॉट इन’; फॉस म्हणजे मुक्त आणि खुलं सॉफ्टवेअर. ॲलन कॉक्ससारखा लिनक्सचा दिग्गज तिथे आला. आपल्या बर्लिनचे लिनक्स प्रोग्रामर हाराल्ड वेल्टे तर वर्षानुवर्षं जात राहिले. कॉलेजच्या पोरांना ही माणसं चहाच्या रांगेत भेटायची, आणि ज्यानं लिहिलं त्यालाच त्याच्या कोडबद्दल विचारता यायचं.

गर्दी वाढली तेव्हा त्यांनी एक अवघड निर्णय घेतला. लिनक्स वापरायचं कसं, हे शिकवणं कमी केलं आणि प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्यांना, बसून काम करणाऱ्यांना जागा दिली. पुष्कळ जण नाराज झाले. चिटणीस स्पष्टवक्ते, त्यामुळे वादही झाले. माझ्या मते तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. आपण भारतीय फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर आनंदानं वापरत होतो आणि परत काहीच देत नव्हतो. हे आपल्या तोंडावर सांगायला आपलंच कुणीतरी लागतं.

ते गायचे, गिटार वाजवायचे, लिहायचे तर अखंड. २०१२ मध्ये आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं. त्याच वर्षअखेरीस ‘फॉस डॉट इन’चं शेवटचं संमेलन भरलं. ३ जून २०१३ ला ते गेले. वय अवघं ५१. त्या दिवशी मी ऑफिसात काही न बोलता बसून राहिलो. शेजारच्या जर्मन सहकाऱ्यानं विचारलं, घरचं कुणी गेलं का? मी हो म्हणालो.

एक विनंती आहे. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे आपल्या घरांतून बरेच धडधाकट लॅपटॉप कपाटात गेलेत. पुढच्या शनिवारी ते मंडळाच्या खोलीत घेऊन या, चार्जरसकट. आधी आतले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. लिनक्स आम्ही टाकून देऊ, पण मुलांना बरोबर आणा. की-बोर्डवर बोटं त्यांची असतील.