मिठीची वाट
(लघु-माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : कुर्ला. पुलावरून खाली पाणी. कठड्याला टेकलेली माणसं.]

हे पाणी १९ ऑगस्ट २०२५ चं आहे.

एरवी या पुलाखालून मुंबईची मिठी नदी जाते तेव्हा ती वाहते आहे की थांबली आहे, हे कळायला मिनिटभर बघत राहावं लागतं. रंग काळा असतो. आज ती तपकिरी आहे, डोंगराची माती घेऊन आली आहे. पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली, आणि काठावरच्या क्रांतीनगरमधून साडेतीनशेच्या आसपास माणसांना पालिकेच्या शाळेत हलवलं गेलं.

पुलावरची माणसं फारसं बोलत नाहीत. नदी बघत उभी आहेत. यातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आज एकच तारीख आठवते आहे.

[दृश्य : गल्ली. भिंतीवर रंगाखालून दिसणारी पुसट आडवी रेघ.]

त्या तारखेची खूण इथे आहे. या घरातल्या आजी हात वर करून दाखवतात. हात जिथे पोचतो, त्याच्याही वर वीतभर. त्या रात्री या घराच्या पोटमाळ्यावर नऊ माणसं बसून होती. शेजारची चार त्यांच्यातच.

आता पोटमाळ्याच्या खुंटीकडे बघा. प्लॅस्टिकची जाड पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं. आत रेशनकार्ड, आधारकार्ड, नातवाचा शाळेचा दाखला, विजेचं बिल, रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी. जून लागला की ही पिशवी कपाटातून निघते आणि खुंटीला जाते. दिवाळीची साफसफाई करताना खाली येते. गेली वीस वर्षं.

[दृश्य : जुन्या चित्रफिती. पाण्यात बुडालेल्या बस, रुळांवरून चालणारी रांग. निवेदनाआधी दहा सेकंद फक्त आवाज.]

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नोंद झाली : चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्यात, त्याच चोवीस तासांत ७३.४. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना उपनगरांत काय चाललंय याची कल्पनाच नव्हती, ती यामुळे.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती? एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी जागा डोळ्यांपुढे आणा, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. तेवढ्या जागेवर ९४४ लिटर पाणी. घरात असतो तसा दोनशे लिटरचा पिंप, असे पावणेपाच पिंप. आणि ते चोवीस तासांत सारखं विभागून पडलं नाही. दुपारी अडीच ते साडेतीन या एकाच तासात १९०.३ मिलिमीटर पडलं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं आखली होती ती तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही समुद्राला ओहोटी असेल असं धरून. त्या दिवशी चारच्या सुमाराला भरती होती. ४.४८ मीटरची.

पाऊस अफाट होता, यात वाद नाही. पण सांताक्रूझवर पडलेलं पाणी कुर्ल्याच्या पोटमाळ्यापर्यंत कसं चढलं, हे पावसाला विचारून कळत नाही. त्यासाठी पाण्याची वाट चालावी लागते. आम्ही ती चाललो. डोंगरापासून माहीमपर्यंत, जवळजवळ १८ किलोमीटर.

[दृश्य : विहार. पहाट. सांडव्यावरून झिरपणारं पाणी, मागे जंगल.]

मिठी इथून निघते. हा विहार तलाव. १८६० मध्ये पुरा झाला, हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यावर. मुंबईला नळाने पहिलं पाणी मिळालं ते इथलं. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून जे पाणी सुटतं, ती मिठी. पलीकडून पवई तलावाचं जास्तीचं पाणी येऊन मिळतं. बाकी या खोऱ्यातला प्रत्येक ओहोळ तिचाच.

[दृश्य : जवळून. खडकाच्या कपारीत खेकडा. पाण्यात तळ दिसतो.]

हा खेकडा मिठी नदीतला आहे. हे वाक्य लिहिताना आम्ही दोनदा थांबलो, कारण मुंबईत 'मिठीतला खेकडा' म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पाणी इतकं नितळ आहे की तळाचे गोटे मोजता येतात. कुठलीही नदी उगमाशी अशीच असते. मिठीही तशीच आहे. तिला आपण 'नाला' म्हणायला लागलो ते पुढे.

[दृश्य : आरे. झाडी, तबेले. पुढे मरोळ, साकीनाका. पिंप धुणारी माणसं, भंगाराची गोदामं.]

आरेमध्ये तबेल्यांचं शेण पाण्यात उतरतं. मरोळ-साकीनाक्याला पोचेपर्यंत रंग बदलतो. रसायनाचे पिंप धुऊन विकणारे, तेलकट चिंध्या, गोदामांच्या मागच्या भिंती थेट पात्रात. इथे पाण्याला एकाच चित्रात तीन रंग आहेत. हा धंदा करणाऱ्या माणसांना हटकणं सोपं आहे. पण त्यांच्या गल्लीत सांडपाण्याची वाहिनीच आलेली नाही, मग पाणी जाणार कुठे? ते नदीतच जातं.

[दृश्य : विमान उतरताना. धावपट्टीच्या बाहेरची भिंत, भिंतीपाशी वळलेलं पात्र.]

पुढे विमानतळ. नदीची स्वतःची वाट आज जिथे धावपट्टी आहे तिथून होती. तिला बाजूला सारलं, काटकोनात वळवलं, काही भाग धावपट्टीच्या खालून नेला. तिथे आत चित्रीकरण करता येत नाही. पण बाहेरून एवढं दिसतं, की पात्र भिंतीपाशी येतं आणि एकदम वळतं. उतारावरून वेगाने येणारं पाणी काटकोनात वळत नाही. ते तिथे अडतं, फुगतं, आणि मिळेल त्या बाजूने बाहेर पडतं. मिळेल ती बाजू म्हणजे कलिना, कुर्ला.

[दृश्य : आकाशातून. वांद्रे-कुर्ला संकुल, काचेच्या इमारती, मधून जाणारी काळी रेघ, कडेची तिवरं.]

हे चित्र जरा वेळ बघत राहू, कारण मुंबईची सगळी गोष्ट या एका चित्रात आहे.

मधली काळी रेघ म्हणजे मिठी. तिला वाकोला नाला येऊन मिळतो. आज ज्यावर या इमारती उभ्या आहेत ते सुमारे ३७० हेक्टर. इथे पूर्वी खाजण होतं. भरतीला खारं पाणी आत यायचं, ओहोटीला परत जायचं. पावसाळ्यात डोंगरातून लोंढा आला आणि समोरून भरती असली, तर दोन्ही पाण्यांना थांबायला जागा लागते. ती जागा ही. चार-सहा तास पाणी इथे पसरून राहायचं, तिवरांच्या मुळांत गाळ सोडायचं, ओहोटी लागली की निघून जायचं. पसरायला मोकळं रान असल्यामुळे पाणी उंच चढत नसे.

१९७७ मध्ये या भागाच्या नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आलं. भराव पडत गेला. आज इथे बँका आहेत, हिऱ्यांचा बाजार आहे, वकिलाती आहेत. नदी आहे, पण तिची ऐसपैस जागा गेली. पाणी तेवढंच येतं. पसरता येत नाही म्हणून चढतं.

[दृश्य : धारावी. बस आगाराशेजारी जुना काळ्या दगडाचा बुरूज. जवळून : दगडावरची इंग्रजी अक्षरं.]

ही अक्षरं वाचा. गव्हर्नर जॉन हॉर्न, १७३७. धारावीचा काळा किल्ला. मुंबई बेटाच्या उत्तर टोकावर इंग्रजांनी खाडीवर नजर ठेवायला बांधला. पलीकडे साष्टी बेट, १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचं. जवळच्या गावाचं नावच 'शीव', म्हणजे हद्द. हद्द पाण्याने आखली होती.

आता कॅमेरा किल्ल्यावरून वळवला की काय दिसतं? पत्रे, पाण्याच्या टाक्या, दोऱ्यांवरचे कपडे. किल्ला काठावर बांधला होता. आज काठ शोधत बरंच चालावं लागतं. किल्ला जागचा हललेला नाही. धारावीच्या कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना वाडवडिलांनी सांगितलेलं आठवतं, की होड्या इथवर यायच्या. खाडी बुजली तशी मासेमारी गेली. कोळीवाडा हे नाव तेवढं राहिलं.

[दृश्य : माहीमचा पूल. गाड्यांची रांग, खाली ओहोटीचा चिखल.]

बुजवण्यात चांगल्या कामांचाही हात होता, हेही सांगायला हवं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, होडीने जावं लागे, पावसाळ्यात माणसं बुडत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई जमशेटजी यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये हा रस्ता खुला झाला. कृतज्ञच राहायला हवं. पण या रस्त्यामुळे खाडीचं तोंड आवळलं गेलं. त्यानंतर रेल्वेचा पूल आला, जलवाहिन्या आल्या, आणखी पूल आले. प्रत्येकाने दोन खांब पात्रात टाकले. ज्याने त्याने आपापल्या खांबांचा हिशेब केला. सगळ्यांच्या खांबांचा मिळून हिशेब कोणी केला नाही, आणि तो व्हायला २००५ उजाडावं लागलं.

[दृश्य : चित्रफीत, २७ जुलै २००५. चिखल, उलटलेल्या रिक्षा. निवेदन थांबून पुढे.]

मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली, राज्यभरात हजारावर. साकीनाक्याला दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप आला.

[दृश्य : कुर्ला. नदीच्या दोन्ही बाजूंनी उंच काँक्रीटची भिंत.]

जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला. भराव, वळणं, आवळलेलं पात्र, अतिक्रमणं, सगळं त्यात आहे. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं. पावसाळी गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचं ठरलं. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पाणी उपसणारी केंद्रं उभी राहिली. आणि ही भिंत.

भिंत आपण जवळून बघू. तळाशी भोकं ठेवली आहेत, गल्लीतलं पाणी नदीत जावं म्हणून. नदी भोकांच्या खाली असते तोवर ते जातं. नदी वर चढली की गल्लीचं पाणी गल्लीतच. या गल्लीत राहणारे एक काका म्हणाले, "आधी पानी नदीतून यायचं, आता पावसाचंच साचतं, पन येतं ते येतंच." नदीला काठ हवा असतो, उतरता, मातीचा. तिला आपण हौद बांधून दिला.

[दृश्य : गाळ काढणारं यंत्र, ट्रक. बादलीतून ठिबकणारा काळा चिखल.]

दर उन्हाळ्यात हे दृश्य दिसतं. गाळ निघतो, ट्रक भरतात, टक्केवारी जाहीर होते. या कामांतल्या सुमारे ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा मुंबई पोलिसांनी मे २०२५ मध्ये नोंदवला. तपास व्हायचा तो होईल. आमचं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. वरच्या गोदामांतून कचरा आणि मैला पात्रात पडणं थांबलं नाही, तर प्रामाणिकपणे काढलेला गाळही पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा काढावा लागेल. आणि पाण्याला पसरायला थोडी तरी जागा परत मिळाली नाही, तर भिंत कितीही वाढवली तरी ती अपुरीच पडणार आहे. जिथे जिथे तिवरं शिल्लक आहेत, तिथला प्रत्येक वाफा मोलाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनं, म्हणजे तिवरांची रानं, तोडायला राज्यभर मनाई केली. त्यामुळेच हा हिरवा पट्टा आज आकाशातून दिसतो आहे.

[दृश्य : माहीम कोळीवाडा. ओहोटी. गुडघाभर चिखलात एक माणूस पाग फेकतो.]

पाग फेकणं हे बघण्यासारखं काम आहे. जाळ्याची एक कड दातात धरायची, दुसरी कोपरावर, कंबर वळवून भिरकवायचं. हवेत गोल फुलतं आणि पाण्यावर एकदम पडतं. तिसऱ्या फेकीला दोन बोईटं आली आणि एक दुधाची पिशवी. पिशवी त्याने बाजूला ठेवली, परत पाण्यात टाकली नाही.

इथे मिठी समुद्राला मिळते. भरती सुरू झाली की तिचं पाणी पुढे सरकायचं थांबतं, थोडा वेळ जागीच घोटाळतं, आणि मग उलटं, आत जायला लागतं. डोळ्यांनी दिसतं ते. तरंगणारा थर्माकोलचा तुकडा बघत राहा.

[दृश्य : १९ ऑगस्ट २०२५, पुन्हा कुर्ला. पाणी उतरल्यावर.]

पुलाखालचं पाणी उतरलं. शाळेत गेलेली माणसं परतायला लागली. भिंतींवर ओली रेघ आहे, या वेळी गुडघ्याच्या खाली. गल्लीत खराटे निघालेत, कोणी बादलीने चिखल बाहेर टाकतंय, कोणी गादी दारात उभी करून ठेवली आहे. आजींच्या घरात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी पोटमाळ्यावर चढलेल्या नातवाला पिशवीची गाठ तपासायला सांगितली. त्याने ओढून पाहिली, आणि पिशवी खुंटीवरच राहू दिली.

[पाण्याचा आवाज. नामावली.]