मंत्री बदली, खटला मोठा

नमस्कार श्रोतेहो. गांबिया हा पश्चिम आफ्रिकेतला देश. एका नदीच्या दोन्ही काठांनी चिंचोळा पसरलेला, तीन बाजूंना सेनेगल. आजचे आपले वकीलसाहेब तिथले, अबुबकर तांबादू. कायदा शिकले इंग्लंडात आणि मायदेशी सरकारी वकील झाले. आपल्या सिनेमातला सरकारी वकील बिचारा हरण्यासाठीच जन्माला येतो. मला त्याचा फार राग येतो, पण ते असो. पुढे रवांडात १९९४ साली झालेल्या वंशसंहाराचे खटले टांझानियातल्या अरुशा इथं चालले, तिथं त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. २०१७ साली गांबियातली हुकूमशाही गेली आणि नव्या सरकारात ते कायदामंत्री आणि अॅटर्नी जनरल झाले.

आता किस्सा ऐका. मे २०१८. ढाक्याला इस्लामी देशांच्या संघटनेची परिषद होती, परराष्ट्रमंत्र्यांची. गांबियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना ऐनवेळी जमेना, म्हणून धाडलं कोणाला? कायदामंत्र्यांना! लक्षात ठेवा, तांबादू तिथं बदली म्हणून गेले होते. (बैठकीला बदली माणूस आला की आपल्याकडे त्याला चहा देऊन मागच्या खुर्चीत बसवतात. तोच बहुधा कागद नीट वाचून आलेला असतो, हे माझं जुनं मत.) पाहुण्यांना कॉक्स बाजारच्या छावणीत नेलं. म्यानमारमधून पळून आलेले रोहिंग्या, म्हणजे तिथले अल्पसंख्याक मुस्लिम, तिथं होते, सात लाखांहून जास्त. लोक सांगू लागले. म्यानमारच्या लष्करानं घरं पेटवली, पुरुषांना गोळा करून मारलं, आईच्या हातातलं बाळ हिसकावून आगीत टाकलं. बाकीचे पाहुणे हळहळले असतील. तांबादू मात्र चपापले, कारण हे त्यांनी आधी ऐकलं होतं. अरुशाच्या कोर्टात, रवांडाच्या साक्षीदारांकडून. तीच रीत, तोच क्रम. सीमेच्या अलीकडूनच मला वंशसंहाराचा वास आला, असं ते नंतर म्हणाले.

आणि वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या करारात सोय अशी, की तो मान्य केलेला कुठलाही देश मान्य केलेल्या दुसऱ्या देशाला कोर्टात खेचू शकतो, दोघांनी या सोयीला हरकत नोंदवलेली नसेल तर. शेजारी असायला नको, स्वतःचं नुकसान झालेलं असायला नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियानं म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. डिसेंबरात तांबादू बोलायला उभे राहिले आणि समोर म्यानमारच्या बाजूनं कोण? म्यानमारच्या तेव्हाच्या नेत्या, शांततेच्या नोबेलवाल्या आँग सान सू ची! जानेवारी २०२० मध्ये कोर्टानं रोहिंग्यांना संरक्षण द्या, पुरावे नष्ट होऊ देऊ नका, असा अंतरिम आदेश दिला. एकमतानं, हं. त्या पीठावर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते.

त्याच वर्षी तांबादू मंत्रिपद सोडून संयुक्त राष्ट्रांच्या न्यायिक यंत्रणेत निबंधक झाले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर सू ची कैदेत गेल्या. जुलै २०२२ मध्ये कोर्टानं म्यानमारचे प्राथमिक आक्षेप, म्हणजे हा खटला इथं चालूच शकत नाही हे म्हणणं, फेटाळले आणि खटला पुढे निघाला. तेव्हा गांबियाच्या बाजूनं बोलायला दुसरे कायदामंत्री होते. नमस्कार.