लघवीत रक्त आलं, दुखलं नाही, थांबलंही? मग तर दाखवाच!

नमस्कार मंडळी. मुतखड्याच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न येतोय, 'डॉक्टर, एकदाच लाल लघवी झाली, दुखलं काही नाही, आपोआप थांबली, म्हणजे बरं झालं ना?' नाही हो! असं रक्त मूत्राशयाच्या कॅन्सरचंही असू शकतं.

किडनी कुठे, मूत्राशय कुठे, हे शाळेत झालंय, पुढे चला.

मुतखड्यात माणूस गडाबडा लोळतो. मूत्राशयाच्या कॅन्सरचं रक्त बहुतेकदा गुपचूप येतं आणि दोन दिवसांत थांबतं, तेवढ्यात आपण धणे-जिऱ्याचं पाणी प्यायलेलो असतो, की श्रेय त्याला! माझा सख्खा मामा, 'उष्णता झालीय' म्हणत सब्जा पितोय, वर रोज बिडीचं बंडल, आणि भाचा युरोलॉजिस्ट असून मला सांगितलं आठ महिन्यांनी, तेही लग्नाच्या पंगतीत. रक्त थांबलेलं, गाठ वाढत होती.

'बीट खाल्लं होतं.' मान्य, बीटाने होते लाल, पण लघवी तपासा ना, रक्तपेशी आहेत का ते कळतं. 'रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.' तरी तपासा, गोळीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. आणि बायकांना तर इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक देत बसतात, कल्चरमध्ये जंतू नाहीत तरी! राग येतो मला.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणूनही सुटलात असं नाही, बारीक गाठ तिला चुकते, म्हणून लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघायचं. गाठही दुर्बिणीतूनच खरवडून काढतो, मग बघायचं स्नायूत शिरलीय का. शिरली असेल तर बऱ्याचदा अख्खं मूत्राशय काढावं लागतं. वरवरची पण परत उगवेल अशी वाटली तर बीसीजी, हो, तीच टीबीची लस, दंडावरच्या व्रणाची, नळीने मूत्राशयात सोडायची, आठवड्याला एक अशी सहा, दोन तास लघवी धरायची. एकाने लिहिलंय 'टीबी लावताय का लोकांना'. अहो दादा, १९७६ साली कॅनडात मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी दाखवलंय हे, तिथली प्रतिकारशक्ती जागी होते त्याने, आजही वापरतो आम्ही.

किडनीच्या कॅन्सरचं वेगळं. ती गाठ हल्ली बहुधा पोटाच्या भलत्याच सोनोग्राफीत सापडते. लहान असेल तर नुसती गाठ काढून किडनी वाचवता येते. नेहमीची केमो तिथे फारशी चालत नाही, तेव्हा 'केमो का नाही दिली' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका.

मामा? दर तीन महिन्यांनी येतो दुर्बिणीला. बिडी सोडली म्हणतो. मामी गप्प असते.