बेटावरचे सहा तास: कॅरिबियन क्रूझवर कुठे उतरावं, काय बघावं

(प्रवासाची आवड असलेल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आपल्यापैकी पुष्कळ जण मुलामुलींकडे अमेरिकेला जातात, आणि तिथल्या थंडीत कुणीतरी म्हणतंच, "आईबाबा, चला, मियामीहून क्रूझ करू." मग खोली कुठली घ्यायची, बाल्कनी हवी की नको, यावर घरात आठवडाभर खल होतो. जहाज ज्या बेटांवर थांबणार तिथं करायचं काय, हे मात्र जहाजावर चढल्यावर, एक्स्कर्शनच्या, म्हणजे बेटावरच्या सहलींच्या, काउंटरपुढच्या रांगेत उभं राहून ठरतं. खोली कुठलीही घेतलीत तरी समुद्र तोच दिसणार आहे, बेटावरचा दिवस मात्र चुकीचा निवडला तर हातचा जातो. म्हणून आज मी फक्त त्याबद्दल बोलणार आहे. माझा आग्रह एवढाच आहे की माहितीपत्रकातला फोटो बघून काही ठरवू नका. घड्याळ बघा, आणि त्या बेटावर वारा कुठून येतो ते बघा.

आधी घड्याळ. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, "सकाळी ८ ते संध्याकाळी ५." आपण मनात नऊ तास धरतो. पण जहाज धक्क्याला लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कुणाला उतरता येत नाही, आणि ती मिळाली की हजारो माणसं एकाच वेळी दाराशी येतात. संध्याकाळी जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सगळ्यांनी आत असायला हवं, काही ठिकाणी त्याहूनही आधी. त्याच्या अलीकडे तासभर हाताशी ठेवायचा, कारण बेटावरचे रस्ते अरुंद असतात आणि सगळी जहाजं एकाच वेळी माणसं परत बोलावतात. उरतात साधारण सहा तास.

आता हे सहा तास मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर लावून बघू. तिथं चिचेन इत्झा या माया लोकांच्या प्राचीन शहराची टूर विकली जाते. नाव मोठं, फोटो सुंदर, जगातलं एक आश्चर्य. पण चिचेन इत्झा कोझुमेलवर नाहीच, ते मुख्य भूमीवर आहे. आधी फेरीबोटीनं प्लाया देल कार्मेनला जायचं, पाऊण तास. समुद्र खवळलेला असेल तर त्या पाऊण तासात भल्याभल्यांना मळमळतं. तिथून बसनं दोन-अडीच तास. तेवढंच परत. म्हणजे सहा तास जाण्यायेण्यातच संपले. जहाज तिथं रात्रीपर्यंत थांबणार असेल तरच ती टूर वेळेत बसते, आणि तेव्हाही आपल्या वयाला तो दिवस जड जातो. मुख्य भूमीवरचंच तुलुम हे दुसरं माया शहर त्यामानानं जवळ आहे, पण फेरीबोट तिथंही चुकत नाही. माया लोकांचे अवशेषच बघायचे असतील तर कोझुमेलवरच सान हेर्वासिओ आहे. इश्चेल या देवीचं ते ठाणं. तिच्या दर्शनाला माया स्त्रिया मुख्य भूमीवरून होड्या वल्हवत यायच्या. बांधकामं लहान आहेत, चिचेन इत्झासारखा भव्य पिरॅमिड नाही. पण झाडीतली पांढऱ्या दगडांची जुनी वाट आहे, दगडांवर ऊन खात बसलेले घोरपडीसारखे मोठाले इग्वाना आहेत, आणि टॅक्सीनं अर्ध्या तासात पोचता येतं. तिथून परतताना पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या बीच क्लबमध्ये दुपार काढता येते. मी हाच दिवस निवडते आणि सगळ्यांना हाच सुचवते.

कोझुमेलबद्दल आणखी एक, आणि हे लिहून घ्या. ते बेट मेक्सिकोच्या ज्या राज्यात आहे तिथं घड्याळ वर्षभर बदलत नाही, २०१५ पासून तसा नियम आहे. फ्लोरिडात मात्र उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. म्हणजे उन्हाळ्यात जहाज मियामीच्या वेळेवर चालत असेल, तर किनाऱ्यावर ४ वाजलेले असताना जहाजावर ५ वाजलेले असतात. मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवतो. मोबाइलवर विसंबून लोक निवांत बसतात आणि धावत धक्क्यावर येतात तेव्हा जहाज निघालेलं असतं. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि दिवसभर तेच बघा.

आता वारा. कॅरिबियनमध्ये वर्षातला बहुतेक काळ वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बेटाला दोन स्वभाव असतात. पूर्वेला, अटलांटिककडे, मोठ्या लाटा आणि ओढ. पश्चिमेला वाऱ्याचा आडोसा, म्हणून पाणी शांत. आपल्याला कोकणची सवय आहे. आपल्याकडे समुद्र कसा वागणार हे महिन्यावरून कळतं, आषाढात पाण्यात उतरू नये हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथं महिन्याइतकंच किनारा कुठल्या बाजूला आहे हे बघावं लागतं. बार्बाडोसचं उदाहरण घ्या. पूर्व किनाऱ्यावर बाथशेबा आहे, प्रचंड खडक, त्यांच्यावर फुटणारा समुद्र, जगभरचे सर्फर तिथं येतात. बघायला अवश्य जा, पोहायला नको. आणि पश्चिमेला ब्रिजटाउनजवळ कार्लाइल बे आहे, तिथं कंबरभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात. बंदरापासून टॅक्सीनं काही मिनिटं. तिथल्या तळाशी बुडालेली जहाजं आहेत, कासवं येतात.

भरती-ओहोटीची मात्र तिथं फार चिंता नको. मुंबईला मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं, कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरसुद्धा फरक पडत नाही. सकाळी बघितलेला किनारा दुपारीही तेवढाच असतो.

वाऱ्याचा आणखी एक परिणाम गेल्या काही वर्षांत फार जाणवू लागला आहे, तो म्हणजे सारगासम. हे तपकिरी, तरंगणारं समुद्री शेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात वाहत येतं, साधारण वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत. किनाऱ्यावर त्याचे ढीग साचतात, कुजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. दमा असेल त्यांनी तर अशा किनाऱ्यापासून लांबच राहावं. हे शेवाळ मुख्यतः पूर्वेच्या, वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर येतं. म्हणून एप्रिल ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर बीच पश्चिमेचाच धरा, आणि बुकिंग करण्यापूर्वी त्या आठवड्यातले ताजे फोटो शोधा. डिसेंबर-जानेवारीत हा त्रास बराच कमी असतो.

प्रत्येक थांब्याला बीचच धरायचा, ही सवय सोडायला हवी. सलग चार दिवस चार बीच केले की पाचव्या दिवशी कुठला किनारा कुठल्या बेटावर होता हे आठवत नाही, आणि त्या बेटांवर खरोखर अन्याय होतो. डॉमिनिकाला पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे नाहीतच. तिथं ज्वालामुखीचे डोंगर आहेत, घनदाट जंगल आहे, राजधानी रोझोपासून जवळच ट्राफाल्गारचे जोडधबधबे आहेत. तिथं जाऊन बीच शोधू नये. सेंट लुसियाला पितों नावाची दोन शिखरं समुद्रातून सरळ वर उठलेली आहेत. त्यातलं मोठं ७७१ मीटरचं. २००४ पासून ती जागतिक वारसा आहेत. कॅस्ट्रीजच्या बंदरावरून तिथं जायला रस्ता आहे, पण तो तासाहून जास्त वळणावळणाचा. कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याच्या, बोटीनं जा, समुद्रातून ती शिखरं पूर्ण दिसतात आणि परतताना बोट एखाद्या खाडीत पोहायला थांबते. सेंट किट्सवर ब्रिमस्टोन हिलचा किल्ला आहे. काळ्या दगडांचा, गुलामांच्या श्रमांतून उभा राहिलेला. आपल्याला किल्ल्यांची ओढ आहे, तो चुकवू नका.

बीच करायचाच तर अँटिग्वाला करा. वर्षाचे जितके दिवस तितके आमचे किनारे, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात, आणि पश्चिमेचे डार्कवुड, व्हॅली चर्च हे किनारे बघितले की तो अभिमान पटतो. किंवा सेंट थॉमसहून फेरीनं सेंट जॉनला जाऊन ट्रंक बे करा. तिथं पाण्याखाली फलक लावलेली स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पोहण्याची, वाट आहे, प्रवाळांची नावं वाचत वाचत पोहायचं. मात्र तिथं सनस्क्रीनच्या बाटलीवरचे घटक बघूनच ती न्या. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रायलिन असलेल्या सनस्क्रीनवर तिथं २०२० पासून बंदी आहे, कारण त्यानं प्रवाळ मरतात. झिंक ऑक्साइडवालं चालतं.

बार्बाडोसला पुन्हा येते, कारण तिथला अर्धा दिवस मी आपल्या माणसांसाठी राखून ठेवते. केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. २९ जून २०२४ ला तिथं रोहित शर्माच्या संघानं टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, सूर्यकुमार यादवनं सीमारेषेवर तो झेल घेतला. त्या रात्री इथं आपण सगळे जागे होतो. आत जायला मिळेल की नाही हे त्या दिवसावर अवलंबून असतं, पण नुसतं फाटकाशी उभं राहिलं तरी तिथला माणूस क्रिकेटवर बोलायला लागतो. अँटिग्वाला सेंट जॉन्स शहरातलं जुनं मैदानही असंच बंदरापासून जवळ आहे. ब्रायन लारानं १९९४ मध्ये ३७५ आणि २००४ मध्ये नाबाद ४०० तिथंच काढल्या. जहाजाच्या टूरच्या यादीत हे बहुधा सापडत नाही.

यावरून पुढचा प्रश्न येतो: टूर जहाजाची घ्यायची की स्वतः ठरवायची? जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात तर ती जबाबदारी तुमची. म्हणून फेरीबोट ओलांडायची असेल, डोंगरातला लांबचा रस्ता असेल, तर पैसे जास्त पडले तरी जहाजाचीच टूर घ्या. बंदराजवळचा किनारा, गावातली भटकंती, किल्ला, यासाठी स्थानिक टॅक्सी घ्या. बहुतेक बेटांवर टॅक्सीचे दर सरकारनं ठरवलेले असतात. बसण्याआधी दर माणशी आहे की गाडीचा, आणि जायचा-यायचा मिळून आहे का, एवढं विचारा. टॅक्सीवाला दिवसभरात जे दाखवतो, सांगतो, ते पन्नास माणसांच्या बसमध्ये मिळत नाही, आणि पैसे त्या बेटावरच्या घरात जातात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कंपन्यांच्या खासगी बेटांवर दिवस सुखाचा जातो, जेवण बहुधा तिकिटातच असतं, चालायला त्रास असेल त्यांच्यासाठी वाळूवर चालणारी व्हीलचेअर मागितली तर मिळते. पण तिथं भेटणारी माणसं जहाजाचीच. सफरीत असा एखादा दिवस असू द्या, सगळी सफर तशी निवडू नका.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक बघायचं. दिवसभरासाठी उतरणं वेगळं आणि जहाज चुकल्यावर त्या देशात राहून विमानानं परतणं वेगळं. कुठल्या बेटाला कुठला व्हिसा लागतो हे निघण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्या. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे याची खात्री करा, कारण परत तिथंच उतरायचं आहे.

ग्रँड केमन या बेटाला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. तो बांधावा का यावर एप्रिल २०२५ मध्ये तिथं जनमत घेतलं, लोकांनी नको म्हणून सांगितलं. त्यामुळे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटीनं किनाऱ्यावर जावं लागतं. टेंडर हलत असते, गुडघ्यांचा त्रास असेल तर त्या पायरीचा विचार आधी करा. लाटा मोठ्या असतील तर तो थांबाच रद्द होतो, म्हणून बाहेरून बुकिंग करताना जहाज आलं नाही तर पैसे परत मिळतात का हे विचारून घ्या. पण उतरायला मिळालं तर स्टिंगरे सिटी सोडू नका. आपल्या कोळ्यांना पाकट माहीत आहे, शेपटीला काटा असलेला चपटा मासा. तिथले मच्छीमार उथळ पाण्यात मासे साफ करायचे, त्या तुकड्यांसाठी पाकटं येऊ लागली आणि माणसाला सरावली. आज त्या वाळूच्या पट्ट्यावर कंबरभर पाण्यात उभं राहिलं की ती पायांना घासून जातात, स्पर्श ओल्या मखमलीसारखा. पाय उचलून टाकायचा नाही, तळवा वाळूतून सरकवत चालायचं, म्हणजे वाळूत बसलेल्या पाकटावर पाय पडत नाही.

किनाऱ्यावर सावलीला बसताना एक झाड ओळखायला शिका, मॅन्चिनील. हिरवं चकचकीत पान, खाली पडलेली पिवळट-हिरवी छोट्या सफरचंदासारखी फळं, वासही गोड. फळ अत्यंत विषारी, चीकही. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानं अंगावर फोड येतात. पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा. आणि लष्करी छापाचे कपडे बॅगेत टाकू नका, बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुसिया, जमैकात ते घालणं कायद्यानं गुन्हा आहे.

शेवटी एका ताईंनी विचारलं की पोहता येत नाही, मग बीचचा काय उपयोग? पुष्कळ उपयोग आहे. सेंट थॉमसचा मेगन्स बे हा तिन्ही बाजूंनी टेकड्यांनी वेढलेला, लांबवर उथळ आणि जीवरक्षक असलेला किनारा आहे, तिथं न पोहणाऱ्यांनी खुशाल उतरावं. लाइफ जॅकेट मागून घ्यायला संकोच करू नका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क लावून फक्त चेहरा पाण्यात घातला तरी रंगीत मासे दिसतात. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, तो निघण्यापूर्वीच विकत घ्या, बोटीवर तो असेलच असं नाही.