गाडी तापते कधी, ते आधी सांगा

मागे बसलेल्यांनी जरा पुढे सरका, आज माईक नाहीये. विषय तुम्हाला माहितीच आहे, जुनी गाडी आणि गरम होणारं इंजिन. घोडबंदर रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभा असलेला माणूस तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, काही जण तर तो माणूस स्वतःच असतील.

गॅरेजमध्ये आल्या आल्या लोक विचारतात, गाडी हीट मारते, वॉटर पंप बदलू का? अहो पंपाचं नंतर बघू, आधी मला सांगा तापते कधी? उभी असताना, पळताना, की कधीही? निम्मं काम या उत्तरातच होतं आणि ते फुकट आहे, पण विचारतच नाही कोणी, ना मालक ना मेकॅनिक.

समजा माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो. मग पहिला संशय पंख्यावर, कारण पळत्या गाडीच्या रेडिएटरला, म्हणजे इंजिनचं गरम पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला, समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यायचा असतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीत पंखा पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या पुलीवरच, त्यामुळे बेल्ट ढिला म्हणजे दोन्ही ढिले. नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंखा आला, त्याची टेस्ट तुम्ही पार्किंगमध्येच करू शकता. गाडी चालू ठेवून एसी लावा, बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. एसीवर फिरतोय पण एसी बंद करून इंजिन तापलं तरी ढिम्म, म्हणजे मोटर ठीक आहे, स्विच, रिले, वायरिंग तपासा. स्विच मोटरपेक्षा बराच स्वस्त, पण बिल मोटरचं येतं, मग तुम्ही म्हणता जुनी गाडी खर्चिक.

आता उलटी केस. गावात ठीक, एक्सप्रेसवेला जरा ताणली की तापते. इथे पंखा निर्दोष, वारा भरपूर आहे, मग पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोक झालाय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की क्षार नळ्यांत बसणारच. इंजिन गरम असताना बंद करा आणि पंख्यापासून हात सांभाळून रेडिएटरवर लांबूनच हात फिरवा, मध्येच थंड पट्टा लागला तर तिथून पाणी जात नाहीये. आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघा, पावसाळ्यानंतर तिथे चिखल, पानं, किडे, काय काय निघतं! हलक्या धारेने इंजिनच्या बाजूने बाहेर धुवायचं, जोरात प्रेशर मारलंत तर रेडिएटरच्या पातळ पात्या वाकतील.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, त्याच्याबद्दल मी जरा भांडणारच आहे. आपल्याकडे गाडी तापली की पहिला सल्ला, थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडे थंडी कुठेय? अरे पण तो थंडीसाठी नाहीये, इंजिन ठरलेल्या तापमानाला राहावं म्हणून आहे. साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, त्याआधी पाणी इंजिनमध्येच फिरवतो. काढलात तर इंजिन गरम व्हायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर सोडून बायपासनेच फिरत बसतं आणि गाडी उलट जास्तच तापते. शंका असेल तर बाहेर काढा, पातेल्यात पाण्यात लटकवा, थर्मामीटर ठेवा, गॅस लावा. त्या तापमानाच्या आसपास उघडला तर चांगला, नाही उघडला तर नवीन आणा.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघतच नाही. बऱ्याच झाकणांवर ०.९ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ०.९ बार, तेवढा दाब धरला की साधं पाणीही ११८-११९ डिग्रीपर्यंत उकळत नाही, कुकरचंच तत्त्व. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला, मग १०० लाच उकळायला लागतं. म्हणूनच गरम असताना झाकण उघडू नका, हात भाजतो आणि चांगलाच भाजतो.

आणि काटा एकदम वर जाऊन अचानक खाली पडला तर खूश होऊ नका, बहुतेक पाणी इतकं संपलंय की सेन्सर कोरडा पडलाय. लगेच बाजूला घ्या, बंद करा.

हां ताई, विचारा. लीक कुठेच दिसत नाही पण पाणी कमी होतं? मग सकाळी थंड इंजिन स्टार्ट करा आणि रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, दाबून बघा. मिनिटभरातच दगडासारखा टणक झाला, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले, ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय असं समजा. हेड उतरवावंच लागेल, पण उतरवल्यावर मेकॅनिकला सांगा की लेथवाल्याकडे सरळ आहे का ते तपासून घे आणि वाकडं असेल तर फेसिंग करून सपाट कर, मगच नवीन गॅस्केट बसव. वाकड्या हेडवर कितीही महाग गॅस्केट टाकलं तरी काही दिवसांत परत तेच.